पंच्याण्णवच्या खाली

ताई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी भेटायला आलेल्यांत तिची एक जुनी शेजारीण होती. तिने भाऊजींचं सांत्वन केलं, डोळे पुसले, आणि बाहेर पडताना तिची नजर दाराच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या ढब्बूवर गेली.

"अरे, तू ढब्बू ना? ओळखलंच नाही मी. किती बारीक झालास. छान दिसतोस हो."

मग आपण कुठल्या घरी आलो आहोत हे तिच्या लक्षात आलं आणि ती घाईघाईने जिना उतरून गेली. ढब्बूने नुसती मान डोलावली. गेल्या काही महिन्यांत कोणी असं म्हटलं की मान डोलवायची त्याला सवय लागली होती.

ढब्बू हे नाव ताईनेच ठेवलेलं. आई-वडील गेले तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि तो दहाचा. तिने शिक्षण सोडलं, एका कापडाच्या दुकानात नोकरी धरली आणि भावाला वाढवलं. पहिली दोन वर्षं दोघांचं पोट जेमतेम भरायचं. पुढे पगार वाढला तशी ती त्याच्या ताटात वाढत गेली. "खा रे, हाडं दिसतायत तुझी," म्हणायची. हाडं दिसेनाशी झाली तरी तिचा हात काही आखडला नाही. लग्न ठरलं तेव्हा तिची अट एकच होती, भाऊ माझ्याबरोबर राहील. भाऊजी चष्म्याची भिंगं घासून बसवणारे कारागीर. मुळातच कमी बोलणारा माणूस. त्यांनी मान हलवली आणि दहा वर्षं मेहुण्याला घरात ठेवून घेतलं. त्यांना मूलबाळ झालं नाही. जे काही होतं ते ढब्बूच.

ढब्बू लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत लागला. हात चांगला होता त्याचा. पण पस्तिशीला त्याचं वजन एकशेतीसवर गेलं आणि लिफ्टच्या छतावरच्या झडपेतून त्याचं अंग बाहेर निघेना. एकदा दोन जणांनी खालून ढकलून त्याला वर काढला. त्यानंतर साहेबांनी त्याला ऑफिसात तक्रारींच्या फोनवर बसवलं. "ह्या लिफ्टची क्षमता सहा माणसं किंवा दोन ढब्बू," असं सगळे म्हणत, आणि तोही हसायचा. खरं तर त्या खुर्चीत तो शोभून दिसला. अडकलेली माणसं घाबरून फोन करत आणि त्याचा जड, संथ आवाज ऐकून शांत होत. "मी आहे फोनवर. माणूस निघालाय. तोवर आपण बोलू," एवढंच तो म्हणायचा.

तो चव्वेचाळीसचा असताना ताईची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. आठवड्यातून तीनदा चार-चार तास मशीनला लावून तिचं रक्त शुद्ध करावं लागे. भाऊजींचं मूत्रपिंड जुळलं नाही. ढब्बूचं जुळलं. डॉक्टरांनी सगळे कागद पाहिले, मग त्याच्याकडे पाहिलं.

"वजन किती?"

"एकशेअठ्ठेचाळीस."

"पंच्याण्णवच्या खाली या. त्याआधी मी तुम्हाला टेबलावर घेणार नाही. तुमच्याही जिवाला धोका आहे."

बाहेर आल्यावर ताई म्हणाली, "राहू दे रे. तुझ्याच्यानं उपाशी राहवत नाही, मला माहीत आहे." तो म्हणाला, "बघ तू."

त्याची बायको औषधांच्या दुकानात काउंटरवर होती. दोन माणसांचा स्वयंपाक दोन तऱ्हेचा करायचा नाही, असं तिने त्याच दिवशी ठरवलं. जे त्याच्या ताटात तेच तिच्या. उकडलेल्या भाज्या, मोजून भात, बिनसाखरेचा चहा. पहाटे दोघं चालायला जात. पहिल्या पन्नास पावलांत तो धापा टाकायचा आणि ती त्याच्याकडे न बघता वेग कमी करायची. चार महिन्यांत वीस किलो उतरले. नंतर दोन महिने काटा हलला नाही. डॉक्टर म्हणाले, असं होतं, शरीर अडून बसतं. बायकोने त्याची समजूत घातली. मग काटा पुन्हा उतरू लागला, आणि सोळाव्या महिन्यात तो चौऱ्याण्णव किलो सहाशे ग्रॅमवर आला. तारीख ठरली.

तारखेला एकोणीस दिवस उरले असताना ताईला ताप भरला. हाताची शीर निकामी झाल्यावर मशीन लावण्यासाठी छातीत घातलेल्या नळीतून जंतुसंसर्ग झाला होता. पाच दिवसांत ती गेली.

वजन उतरवण्याच्या धांदलीत ढब्बूने आपल्या कातडीकडे नीट पाहिलंच नव्हतं. किलो उतरत होते तेवढं पुरे होतं. ताई गेल्यावर पंधरा दिवसांनी आंघोळ करून तो आरशासमोर उभा राहिला तेव्हा त्याला ती पहिल्यांदा दिसली. पोटाची कातडी घडी पडून मांड्यांवर उतरली होती. ती दोन्ही हातांनी उचलून धरावी लागे, आणि खाली लालसर, ओलसर, वास मारणारी जागा असे. छाती ओघळलेली. हात वर केला की दंडाखालून कातडी झुले. आतला माणूस निघून गेला होता आणि अंगरखा तेवढा उरला होता. तो अजून पंचेचाळीसचा होता. चेहऱ्याने पस्तिशीतला दिसे आणि कपडे काढल्यावर ऐंशीचा.

रोज सकाळी तो मोरीचं दार लावून घडी उचलायचा, कोरड्या फडक्याने टिपायचा, पावडर टाकायचा, मऊ कापडाची पट्टी आत सरकवायचा आणि सगळं गोळा करून पॅन्टच्या कमरेत खोचायचा. वर रुंद पट्टा. त्यावर सदरा. मग बाहेर यायचा आणि लोक म्हणायचे, हिरो दिसतोस.

बायकोने सुरुवातीला विचारलं, "मी पुसून देऊ?"

"नको. मला येतं."

अंथरुणातही तो आता बनियन काढत नसे. आधीच्या ढिगाएवढ्या पोटाची त्याला कधी लाज वाटली नव्हती, ह्याची वाटत होती. पाठ करून झोपणाऱ्या माणसाशी बायको काय बोलणार.

ऑफिसात साहेबांनी त्याला बोलावलं. "आता फोनवर बसून काय करतोस? अंगानं सडसडीत झालास. माझ्याकडे माणसं कमी आहेत. परत शाफ्टमध्ये जा."

त्याला बरंच वाटलं. लिफ्टच्या विहिरीत कोणी बोलायला नसतं. खाली अंधारा खड्डा, वर मशीनची घरघर, मध्ये वंगण लागलेले दोर. केबिनच्या छतावर उभं राहून काम करताना अंगाला सुरक्षेचे पट्टे बांधावे लागत, दोन खांद्यांवरून, एक कमरेभोवती आणि दोन मांड्यांमधून. पहिल्याच दिवशी मांडीचा पट्टा आवळताना घडीची कडा त्यात सापडली. कळ डोक्यापर्यंत गेली. त्याने पट्टा सैल केला, कातडी बाजूला सारली, पुन्हा आवळला. वाकलं की ती पुन्हा सरकून पट्ट्याखाली जायची. संध्याकाळी मोरीत पाहिलं तर बोटभर लांब ओरखडा आणि रक्त साकळलेलं.

बायकोच्या दुकानात मलमांची कपाटंच्या कपाटं होती. त्याने तिला ताकास तूर लागू दिली नाही. साहेबांनाही सांगितलं नाही. रोज तो पट्टा त्याच जागी आवळायचा. जोडीदार मिस्त्रीने एकदा विचारलं, "चेहरा का असा? काही दुखतंय का?"

"नाही. सवय गेली आहे ना."

तीन आठवड्यांनी एका रविवारी दुपारी तो पलंगावरून उठला आणि भिंतीला धरून खाली बसला. अंग भाजत होतं. बायकोने त्याला आडवं केलं, सदरा वर केला आणि पट्टा सोडला. घडीखालची पट्टी चिकटून बसली होती. ती सोडवताना तो कण्हला. खालची जागा तळहाताएवढी लाल होती, मध्ये फुटलेली, पू वाहणारी, आणि लाली बरगडीपर्यंत चढली होती. काउंटरवर तिने इतकी वर्षं लोकांच्या जखमा ऐकल्या होत्या. ही घरातच होती.

"किती दिवस झाले?"

त्याने सदरा खाली ओढला.

"मी काय विचारते आहे? किती दिवस झाले ह्याला?"

"तीन आठवडे असतील."

"आणि तुम्ही रोज ह्यावर पट्टा बांधून कामावर जात होतात?"

"राहू दे गं," तो डोळे मिटून म्हणाला. "तेवढं तरी दुखू दे."

त्या वाक्याचा अर्थ विचारायला वेळ नव्हता. तिने गाडी बोलावली. दवाखान्यात आठ दिवस शिरेतून औषधं दिली. सातव्या दिवशी एक सर्जनबाई आल्या, घडी उचलून पाहिली आणि सरळ म्हणाल्या, "ही काढायला हवी. नाहीतर पुन्हा हेच होणार, आणि दर वेळी तुम्ही वेळेत यालच असं नाही. जखम भरली की दोन-तीन महिन्यांनी करू."

"नको," ढब्बू म्हणाला.

"भीती वाटते?"

"नाही. नको आहे मला."

सर्जनबाईंनी बायकोकडे पाहिलं आणि त्या निघून गेल्या. बायकोने स्टूल पलंगाजवळ ओढलं.

"आता सांगा. काय चाललंय तुमचं?"

त्याने सलाईनची नळी बाजूला सारली. मग त्याने सांगितलं.

शनिवारी ताईला मशीनला लावायला न्यायची पाळी त्याची असे. चार तास बसून काय करायचं, म्हणून तो खाली उतरायचा. रस्त्याच्या पलीकडे बेकरी होती. चौथ्या महिन्यात एका शनिवारी, ताईच्या हातात जाड सुया टोचून नळ्या लावताना बघून, तो खाली आला आणि त्याने क्रीमचे दोन बन खाल्ले. पुढच्या शनिवारी पाच. नंतर शनिवारची वाट बघणं जमेना. ऑफिसातून येताना रोज वाट वाकडी करून तो जायचा, उभ्याने खायचा, तोंड धुऊन घरी यायचा आणि उकडलेली भाजी खायचा. दोन महिने. शरीर अडून बसलं नव्हतं.

"ते दोन महिने गेले नसते तर ताईचं ऑपरेशन कधीच झालं असतं," तो म्हणाला. "एकोणीस दिवस कमी पडले. माझ्याकडे साठ होते."

बायको ऐकत होती. तिला ते दोन महिने चांगले आठवत होते. तो वजनकाट्यावरून मान खाली घालून उतरायचा आणि ती त्याला म्हणायची, धीर सोडू नका. त्या काळात तिने स्वतःचा भातही बंद केला होता, त्याला एकट्याला वाटू नये म्हणून. काउंटरवर उभ्या उभ्या तिला दोनदा भोवळ आली होती.

"मी तुमच्यासोबत उपाशी होते," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"नाही, तुम्हाला माहीत नाही." ती उठली. पिशवीत पाण्याची रिकामी बाटली टाकली. "हे मला सांगून काय उपयोग? ज्यांना सांगायचं त्यांना सांगा. ते अजून जिवंत आहेत."

घरी आल्यावर ती रोज त्याची जखम धुवायची, पट्टी बदलायची, जेवायला वाढायची. बोलायची मात्र कामापुरतं. आपल्या ताटात ती आता तिला हवं ते घ्यायची. पहिल्या दिवशी तिने तळलेले बटाटे केले आणि त्याच्यासमोर बसून शांतपणे खाल्ले.

पंधरा दिवसांनी ढब्बू भाऊजींकडे गेला. दुपार होती. भाऊजी खिडकीशी भिंग हातात घेऊन बसले होते. चष्म्याच्या दुकानातली नोकरी सोडल्यापासून थोडं काम ते घरीच आणत. दाराशी ताईच्या चपला तशाच होत्या. भाऊजींनी भिंग फडक्यावर ठेवलं, हात पुसले.

"बरा आहेस का आता?"

"हो. भाऊजी, मला तुम्हाला एक सांगायचंय."

तो उभाच होता. त्याने बेकरीपासून सगळं सांगितलं, बायकोला सांगितलं तसंच, काही न गाळता. त्याचं झाल्यावर भाऊजी म्हणाले, "बस."

तो बसला.

"मला माहीत होतं," भाऊजी म्हणाले. "दवाखान्यात तिचा पलंग खिडकीला होता, दुसऱ्या मजल्यावर. तिथून ती बेकरी समोर दिसते. दुकानाचा गल्ला, काउंटर, सगळं. एका शनिवारी मी कामावरून लवकर सुटून आलो. ती खिडकीतून खाली बघत होती. मी विचारलं, काय बघतेस? म्हणाली, ढब्बू खातोय."

ढब्बूने तोंडावर हात धरला.

"मी म्हटलं, मी खाली जातो. चार गोष्टी सुनावतो त्याला. तिने माझी बाही धरली. नळ्या लावलेल्या हातानं धरली, म्हणून मला ओढून सोडवता येईना. म्हणाली, खाऊ दे त्याला. तो घाबरला की खातो. लहानपणापासूनचं आहे."

"तिने मला कधीच..."

"तुला सांगणार नाही असं वचन घेतलं माझ्याकडून. तिचा शब्द मी कधी मोडला नव्हता. आता तूच आलास, म्हणून बोललो."

खाली रस्त्यावर कोणीतरी मोटरसायकल चालू करत होतं. ती चालू होत नव्हती.

"भाऊजी, ते दोन महिने नसते गेले तर ती..."

"मी डॉक्टरांना विचारलं होतं. सांगता येत नाही म्हणाले. संसर्ग कधीही होऊ शकला असता, ऑपरेशननंतरही. मी पुन्हा विचारलं नाही." भाऊजींनी चष्मा काढला. त्यांचे डोळे कोरडे होते. "तिने तुला माफ केलं होतं. त्याच वेळी, तिथेच. माझ्याच्यानं नाही झालं. तिच्यावरही राग आहे माझा. मला खाली जाऊ दिलं असतं तर कदाचित त्या दिवशीच तू थांबला असतास. कोणावर किती रागवायचं, हे रोज सकाळी उठून नव्यानं ठरवतो मी. म्हातारपणी हे काम लागलंय मागे."

"मी येऊ नको का इथे?"

"असं कुठे म्हटलं मी? ये. पण मी गप्प बसलो तर समजून घे."

ढब्बू उठला. जिन्याकडे वळताना मागून भाऊजी म्हणाले, "तुझी बायको आली होती माझ्याकडे. कातडी कापून घेत नाहीस म्हणाली."

"हो."

"का?"

ढब्बू दाराशी ताईच्या चपलांकडे बघू लागला.

"ज्याच्यासाठी उतरवलंस ते झालं नाही. आता कातडी सडवून ते होणार आहे का? तिने तुला खाऊ घालून एवढा वाढवला तो शाफ्टमध्ये पू होऊन मरायला नाही. करून घे." आणि त्यांनी भिंग पुन्हा हातात घेतलं.

तीन महिन्यांनी ऑपरेशन झालं. पोटावरची चार किलो तीनशे ग्रॅम कातडी काढली. सर्जनबाईंनी आकडा सांगितला तेव्हा ढब्बूला हसू आलं नाही आणि रडूही आलं नाही. कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत टाके, दोन्ही बाजूंनी रक्तपाणी वाहून नेणाऱ्या नळ्या. तीन आठवडे त्याला ताठ उभं राहता येत नव्हतं. दंडांची आणि मांड्यांची कातडी तशीच राहिली. ती काही आता काढायची नव्हती. लांब बाह्यांचे सदरे आयुष्यभर घालावे लागणार होते. भाऊजी एकदा दवाखान्यात आले, तासभर खुर्चीत बसले, पेपर वाचला आणि गेले. पेपर पलंगावर ठेवून गेले.

साहेबांनी त्याला पुन्हा फोनवर बसवलं. पहिल्याच दिवशी एका म्हातारीचा फोन आला, तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकलेली. तो नेहमीचं वाक्य बोलायला गेला आणि 'मी आहे'पाशीच अडला. म्हातारीच म्हणाली, "अहो, आहात ना तुम्ही?" मग त्याने माणूस निघाल्याचं सांगितलं आणि तो पोचेपर्यंत, अठरा मिनिटं, तो तिच्याशी तिच्या गुडघ्यांविषयी बोलत राहिला.

घरी बायको हळूहळू बोलू लागली होती. सगळं पूर्वीसारखं झालं असं नव्हे. कधी जेवताना मध्येच ती थांबायची आणि त्याच्याकडे अनोळखी माणसाकडे पाहावं तसं पाहायची. मग पुन्हा घास घ्यायची. टाके निघाल्यावर व्रणाला रोज मलम चोळायला सांगितलं होतं. ते तो स्वतः करायचा. एका संध्याकाळी त्याला वाकता येईना, तेव्हा तिने त्याच्या हातातून ट्यूब घेतली. त्याने नको म्हटलं नाही. सदरा स्वतःच वर धरला.

व्रण जांभळा, दोरीसारखा फुगीर होता. ती मलम लावत होती आणि तो छताकडे बघत होता.

"दुखतंय का?"

"तू लावायला सुरुवात केलीस?"

ती थांबली. मग एका बोटाने व्रणाच्या वर जरासं दाबलं. "इथे कळतंय?"

"नाही."

"सर्जनबाई म्हणाल्या होत्या. बधिर राहतं. काहींचं परत येतं, काहींचं येत नाही." बोट दोन इंच वर गेलं. "इथे?"

"नाही."

"इथे?"

"अं हं."

ती घाई न करता बोट वर वर सरकवत गेली. ओढून नवीन जागी बसवलेल्या बेंबीच्या पुढे. बरगड्यांच्या अलीकडे कुठेतरी तो म्हणाला, "हो. इथे."

तिने तिथेच तळवा टेकवला आणि दुसऱ्या हाताने ट्यूबचं झाकण लावलं.